घरच्या मत्स्यपेटीतील आजारी मासा

नदीतील अथवा तलावातील मासा आजारी पडला तर तो सहसा माणसाच्या दृष्टीस पडत नाही. तो दुबळा होताच एखादा बगळा त्याला उचलतो किंवा एखादा मोठा मासा त्याला गिळंकृत करतो. घरातील काचेच्या पेटीत ठेवलेल्या माशाची गोष्ट निराळी आहे. त्याचे मलूल होणे, कोपऱ्यात जाऊन स्तब्ध राहणे, अन्नाकडे पाठ फिरवणे हे सर्व घरातील माणसांच्या डोळ्यांदेखत घडते. मुले हळहळतात, मोठी माणसे बाजारातून औषधाची बाटली आणतात आणि निळे किंवा हिरवे थेंब पाण्यात पडतात. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मासा मेलेला आढळतो, आणि काही वेळा त्याच्यासोबत पेटीतील निरोगी मासेही दगावतात.

असे का होते? औषध वाईट होते म्हणून नव्हे. औषध देण्यापूर्वी करावयाची तपासणी झालेली नव्हती म्हणून. लहान मत्स्यपेटीत मासा आजारी पडण्यापूर्वी बहुधा तिच्यातील पाणी बिघडलेले असते. म्हणून उपचाराचा आरंभ माशापासून नव्हे, तर पाण्यापासून करावा लागतो. ही गोष्ट कशी सिद्ध होते आणि तिचा व्यवहारात उपयोग कसा करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी रायपूरच्या उत्तरेकडील उरला या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील घर डोळ्यांपुढे ठेवले आहे. कारण तेथील पाणी आणि तेथील उन्हाळा या दोहोंमुळे हा विषय विशेष स्पष्ट होतो.

पेटीतील अदृश्य कामगार

घरोघरी आढळणारी मत्स्यपेटी साधारणतः ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असते. हिशेबाने तिच्यात ५४ लिटर पाणी मावावयास हवे. परंतु तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. म्हणजे घरातील तीन बादल्या! एवढ्याशा पाण्यात मासे श्वास घेतात, अन्न खातात आणि मलविसर्जनही करतात. तलावात ही घाण विरून जाते. पेटीत ती साठत राहते.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी न बदलताही ते दीर्घकाळ जगू शकतात, असे त्यांनी दाखविले. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात व गोगलगाई कुजकी पाने खातात, असा हा समतोल होता. परंतु या संसारातील एक महत्त्वाचा घटक त्या वेळी ठाऊक नव्हता. १८७७ साली श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले की, अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम सजीव सूक्ष्मजंतू करतात. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जंतू वेगळे करून त्यांचा अभ्यास केला.

माशाच्या कल्ल्यांवाटे आणि उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी असतो. जंतूंचा एक गट त्याचे नायट्राइट बनवितो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी असते आणि अधूनमधून पाणी बदलल्याने ते कमी होते. ही दोन्ही कामे एकटाच करणारे जंतूही निसर्गात आहेत, असा शोध २०१५ साली लागला. हे जंतू पाण्यात तरंगत नसून मुख्यतः गाळणीतील स्पंज, वाळू व दगड यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी आणून त्याच दिवशी तीत दहा-बारा मासे सोडले तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते एकामागून एक का मरतात, याचे उत्तर येथे आहे. त्यांना कोणताही संसर्ग झालेला नसतो. ते अमोनियाने व नायट्राइटने मरतात.

रायपूरचे पाणी आणि वैशाख-ज्येष्ठाचा ताप

रायपूर शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः खारून नदीतून मिळते. ही नदी शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी क्लोरिन मिसळलेला असतो. माणसाला हितकारक असा हा क्लोरिन माशांचे कल्ले जाळतो आणि गाळणीतील उपयुक्त जंतूही मारतो. म्हणून नळाचे ताजे पाणी पेटीत कधीही सरळ ओतू नये. रुंद तोंडाच्या बादलीत ते २४ तास उघडे ठेवावे; मधून मधून ढवळल्यास क्लोरिन लवकर निघून जातो.

अनेक घरांत विंधन विहिरीचे पाणी वापरतात. रायपूरच्या आसपासच्या भूगर्भात चुनखडकाचे थर आहेत. त्यामुळे भूजल बहुधा जड असते आणि त्याचा कल अल्कधर्मीपणाकडे असतो. भांड्याच्या बुडाशी व नळाच्या तोटीवर जमणारा पांढरा थर ही त्याची खूण होय. अशा पाण्यात क्लोरिन नसतो, हे खरे; परंतु अमोनियाच्या दृष्टीने ते अधिक धोक्याचे ठरते.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप विद्युद्भारित असून ते माशाला फारसा अपाय करीत नाही. दुसरे भाररहित असून ते कल्ल्यांतून सहज आत शिरते व विषबाधा करते. या दोन रूपांचे प्रमाण पाण्याची अल्कता आणि उष्णता यांवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७ पीएच असता एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. तेच पाणी ३० अंश आणि ८ पीएचचे झाले की हा भाग सुमारे साडेसात टक्के होतो. म्हणजे अमोनियाचे एकूण प्रमाण तेच राहूनही त्याचे विष सुमारे तेरा पटींनी वाढते! थंड हवेच्या ठिकाणी चालून जाणारी हयगय रायपूरच्या उन्हाळ्यात माशांच्या जिवावर बेतते, ती अशी.

त्यात प्राणवायूची टंचाई भर घालते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि ३५ अंशांवर ७ च्या जवळ. उलट, पाणी तापले की माशाच्या शरीरातील क्रिया जलद होतात व त्याला प्राणवायू अधिक लागतो. मे महिन्यात रायपुरात दिवसाचे तापमान पुष्कळदा ४२ अंशांच्या पुढे जाते. दुपारी वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर लहान पेटीतील मासे तासा-दोन तासांत पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

निरीक्षण कसे करावे

वैद्य रोग्याची नाडी पाहतो. मत्स्यपालकाने माशाचे कल्ले पाहावेत. कल्ल्यांची झाकणे मिनिटात किती वेळा उघडतात, हे घड्याळ लावून मोजावे. निरोगी असताना ही संख्या टिपून ठेवलेली असली तर आजारात तुलना करता येते. त्यानंतर पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत.

पहिला प्रश्न : एकच मासा आजारी आहे की सर्वच? सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले असतील तर दोष बहुधा पाण्यात असतो. एकच मासा आजारी असेल तर जखम, इतर माशांचा त्रास किंवा रोग यांचा संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न : मागील दोन-तीन दिवसांत काय बदलले? नवा मासा आणला काय? सर्व पाणी एकदम बदलले काय? गाळणी नळाखाली धुतली काय? खोलीत डास मारण्याचा फवारा उडविला काय? या शेवटच्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. अशा अनेक फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात आणि हवेचा पंप खोलीतील हवा सरळ पाण्यात सोडीत असतो.

तिसरा प्रश्न : मासा पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेतो काय? बहुतेक जातींत हे प्राणवायूच्या अभावाचे किंवा कल्ले बिघडल्याचे लक्षण आहे. परंतु गौरामी आणि लढाऊ मासा यांना हवेतील प्राणवायू घेणारे विशेष इंद्रिय असते. त्यांनी अधूनमधून वर येणे हे स्वाभाविक होय. कोणत्या जातीचा मासा आहे, हे माहीत असल्याखेरीज लक्षणाचा अर्थ लावू नये.

पहिला उपचार : पाणी

समजा, उरला येथील एका घरातील पेटीत सहा गप्पी व दोन सोनमासे आहेत. सकाळी दोन्ही सोनमासे तळाशी पडून आहेत, गप्पी वर धापा टाकीत आहेत आणि पाणी किंचित गढूळ आहे. अशा वेळी पुढील क्रम पाळावा.

प्रथम अन्न देणे बंद करावे. निरोगी प्रौढ मासा एक-दोन दिवस उपाशी सहज राहतो, तर न खाल्लेले अन्न कुजून अमोनियात भरच पडते. नंतर हवेचा पंप पूर्ण गतीने चालवावा. वीज नसेल तर पेटीतीलच पाणी लोट्याने घेऊन वीतभर उंचीवरून हळूहळू पुन्हा ओतावे. पाण्याच्या पडण्याने हवा मिसळते.

यानंतर पाण्याची परीक्षा करावी. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासण्याचे रंगबदलाचे संच मत्स्यपेटीचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. व्यवस्थित चाललेल्या पेटीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य यावीत. ती दिसली तर पेटीतील चतुर्थांश ते तृतीयांश पाणी काढून तेवढेच क्लोरिनमुक्त व समान उष्णतेचे पाणी सावकाश घालावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा करावी. पुष्कळ दिवस दुर्लक्षित राहिलेल्या पेटीत सगळे पाणी एकदम बदलणे घातक असते. अशा पेटीचे पाणी हळूहळू आम्ल झालेले असते व त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. त्यात अल्कधर्मी पाणी एकदम ओतले की तोच अमोनिया क्षणात विषारी रूप घेतो.

नायट्राइट आढळल्यास साध्या मिठाचा उपयोग होतो. नायट्राइट रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू भरपूर असतानाही मासा गुदमरतो. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतील त्याच वाटेने आत जात असल्याने नायट्राइटचा शिरकाव रोखला जातो. लिटरमागे एक ग्रॅम मीठ, म्हणजे ४५ लिटरांच्या पेटीस ४५ ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडे थोडे घालावे. काही पाणवनस्पतींना व खवले नसलेल्या माशांना मीठ सोसत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

उदाहरणातील पेटीत आणखी एक दोष आहे. सोनमासा थंड पाण्यातील मासा असून तो मलही पुष्कळ टाकतो. गप्पीबरोबर, लहान पेटीत आणि रायपूरच्या उन्हाळ्यात त्याला ठेवणे योग्य नव्हे. येथे रोग नाहीच; निवडीतच चूक आहे.

रोगांची ओळख

पाण्यात दोष न आढळल्यास, किंवा पाणी सुधारूनही लक्षणे टिकून राहिल्यास, रोगाचा विचार करावा.

श्वेतबिंदू रोग हा घरच्या पेटीतील सर्वांत परिचित रोग होय. माशाच्या अंगावर व परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात आणि मासा दगडावर अंग घासतो. हा रोग एका सूक्ष्म परजीवी प्राण्यामुळे होतो. फुके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. हा परजीवी कातडीखाली वाढतो, पूर्ण वाढ होताच गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. ती पिल्ले दोन-तीन दिवसांत नवा मासा न मिळाल्यास मरतात. औषधाचा परिणाम केवळ या पोहणाऱ्या पिल्लांवर होतो. कातडीखालचा परजीवी सुरक्षित राहतो. म्हणून ठिपके नाहीसे झाले तरी उपचार दहा ते चौदा दिवस चालू ठेवावा लागतो. उष्ण प्रदेशातील माशांसाठी पाण्याची उष्णता हळूहळू ३० अंशांपर्यंत नेणे, हवा अधिक सोडणे आणि लिटरमागे दोन ग्रॅमपर्यंत मीठ वापरणे हा सौम्य उपाय आहे. रायपुरात या रोगाची भीती भर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक असते, कारण तेव्हा रात्री पाणी एकदम गार होते व माशांची प्रतिकारशक्ती घटते.

पर कुजणे या विकारात परांच्या कडा पांढुरक्या होऊन झिरझिरीत होतात. याचे कारण जंतू असले तरी ते बहुधा घाण पाण्याने किंवा इतर माशांच्या चावण्याने दुबळ्या झालेल्या परांवरच हल्ला करतात. पाणी स्वच्छ राखल्यास आणि त्रास देणारा मासा वेगळा केल्यास सौम्य अवस्थेत पर पुन्हा वाढतात.

कापसासारखे पुंजके दिसले तर दोन शक्यता असतात. जखमेवरील पुंजका बहुधा बुरशीचा असतो. परंतु तोंडाभोवती किंवा पाठीवर झपाट्याने पसरणारा पांढरट थर पुष्कळदा जंतूंचा असतो आणि उष्णतेने तो अधिक वेगाने पसरतो. श्वेतबिंदू समजून येथे पाणी तापविले तर मासा अधिक लवकर मरेल. निदान न करता उपचार करू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

जलोदरात पोट फुगते व खवले फणसाच्या काट्यांप्रमाणे उभे राहतात. हे मूत्रपिंड निकामी होत असल्याचे चिन्ह असून अशा अवस्थेतून मासा क्वचितच वाचतो. मासा आडवा किंवा उलटा तरंगत असेल तर वाताशयाचा दोष समजावा. अतिखाण्याने तो झाला असल्यास दोन दिवसांचा उपवास उपयोगी पडतो.

औषध देणे भागच पडले तर आजारी मासा एका साध्या प्लॅस्टिकच्या टबात, पंप लावून, वेगळा ठेवावा. मिथिलीन ब्लूसारखी द्रव्ये मुख्य पेटीत घातल्यास अमोनिया नष्ट करणारे जंतूही मरण्याचा संभव असतो. श्वेतबिंदू रोगात मात्र परजीवी सर्व पेटीत पसरलेला असल्याने उपचार मुख्य पेटीतच करावा लागतो. माणसांसाठी आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या पाण्यात टाकणे सर्वथा वर्ज्य करावे. त्यांचे प्रमाण ठाऊक नसते आणि त्यांमुळे औषधांना दाद न देणारे जंतू निपजतात. शंका असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये छत्तीसगडात कवर्धा येथे व विदर्भात नागपूर येथे आहेत.

पेटीबाहेरची जबाबदारी

आजारी मासा मारवत नाही म्हणून त्याला जवळच्या तलावात सोडून देण्याची प्रथा आढळते. दयेपोटी केलेले हे कृत्य वास्तविक फार हानिकारक आहे. छत्तीसगड हा तलावांचा प्रदेश आहे. गावोगावच्या ‘तरिया’वर लोकांचे स्नान, गुरांचे पाणी आणि मासेमारी अवलंबून असते. १९८८ साली भारतात शिरलेल्या व्रणरोगाने काय केले, हे ध्यानात घ्यावे. एका बुरशीसदृश जीवामुळे होणाऱ्या या रोगात माशांच्या अंगावर खोल व्रण पडतात. ईशान्य भारतात प्रथम आढळलेला हा रोग काही वर्षांत देशाच्या पुष्कळ भागांत पसरला आणि मरळीसारख्या माशांची मोठी हानी झाली. एकदा उघड्या पाण्यात शिरलेला रोग परत बोलावता येत नाही. पेटीतून सोडलेले परदेशी मासेही, उदाहरणार्थ काच चाटणारा सकर मासा, देशातील अनेक जलाशयांत स्थायिक झाले असून मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरले आहेत. मेलेला मासा कागदात गुंडाळून जमिनीत पुरावा. नाल्यात किंवा तलावात टाकू नये.

माणसाच्या आरोग्याचाही येथे संबंध आहे. माशांना होणाऱ्या क्षयसदृश रोगाचा जंतू १९२६ साली फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील माशांत ओळखला गेला. हातावर जखम असल्यास तो माणसाच्या त्वचेतही शिरू शकतो व दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी उत्पन्न करतो. म्हणून जखमी हात पेटीत घालू नये आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत. पेटीचे पाणी नळीने तोंडाने ओढू नये.

रोग टाळण्याचे नियम

१. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच पेटीत सोडावा.

२. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे.

३. दर आठवड्यास एकपंचमांश ते चतुर्थांश पाणी बदलावे.

४. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा.

५. पेटी उन्हात ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई रोज करावी.

६. डासांचा फवारा उडविताना पंप बंद करून पेटी झाकावी व खोलीत पुरती हवा खेळल्यावरच पंप सुरू करावा.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

मासे न सोडता एक पेटी वाळू, गाळणी व क्लोरिनमुक्त पाणी घालून सुरू करावी. रोज चिमूटभर माशांचे अन्न तीत टाकावे. एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून सहा आठवडे आलेख काढावा. प्रथम अमोनियाची रेषा चढेल. ती उतरू लागताच नायट्राइटची चढेल. तीही उतरल्यावर नायट्रेटची रेषा वर जात राहील. पहिल्या दोन रेषा शून्यावर टेकल्या म्हणजे पेटी माशांसाठी तयार झाली असे समजावे, आणि त्यानंतरच एक-दोन मासे आणावेत. हा आलेख वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावा. पुढे एखादा मासा आजारी पडला तर औषधाच्या बाटलीकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी पुन्हा पाण्याची परीक्षा करावी आणि येणारे आकडे या आलेखाशी ताडून पाहावेत.